झाकणावरचा गारवा

"चौपन्न... अठ्ठेचाळीस... एकोणचाळीस!"

भिंतीवरचा तापमानाचा आकडा उतरत होता आणि अख्खा कारखाना हात जोडून उभा होता. विजेवर भन्नाट पळणाऱ्या नव्या गाडीची बॅटरी, कपाटाएवढी पेटी, सकाळपासून तापली होती, धोक्याचा भोंगा थांबेना. शेवटी साहेबांनी मंत्रानं आग थंड करणाऱ्या थंडाबाबांना बोलावलं. त्यांनी झाकणावर मंतरलेल्या पाण्याचा रुमाल पसरला, पंख्यानं वारा घातला. "अग्ने, लेकरांवर कोपू नकोस!" भोंगा गप्प.

"चाचणी सुरू करा!" साहेब ओरडले. पेटी तापल्यावर आपोआप लागलेलं गाडीचं कुलूपही आकडा उतरताच सुटलं होतं. गाडी चालवणार होती माझी लेक. तिनं केबिनमधून हात हलवला. मी पेटी जोडणारा फिटर. देवाचं नाव घेतलं.

शेजारी कारखान्याच्या नर्सबाई वास घेत होत्या.

"फिटरदादा, हे पाणी नाही, स्पिरिट आहे. इंजेक्शनआधी दंडाला लावते तेच."

"हळू बोला बाई, ऐकतील ते!"

"ऐकू देत की! कातडी गार पडली म्हणून ताप उतरतो का हो कुणाचा? तापमापक कुठंय तुमचं?"

सारखी पेटी उघडायचा कंटाळा, म्हणून परवा मीच ते आतून काढून झाकणावर चिकटवलं होतं. काल थंडाबाबांनी लाडात विचारलं, "बाळा, यंत्राचा डोळा कुठाय?" मी बोट ठेवून दाखवलं होतं!

धावलो. रुमाल भिरकावला, खिशातलं दुसरं तापमापक बाजूच्या छिद्रातून आत सारलं. चौऱ्याहत्तर. शहात्तर.

"पापी! आता कोप होणार!" थंडाबाबा किंचाळले.

"कोप कसला? आत भट्टी पेटलीय!" नर्सबाई कडाडल्या.

वीज तोडणारा दांडा मी खाली ओढला. "उतर गं! पळ!"

लेकीनं उडी मारली. आम्ही दाराशी पोचतो न पोचतो तोच पेटीतून पांढरा धूर फुसफुसला आणि भडका केबिनपर्यंत गेला. सगळ्यांत पुढे थंडाबाबाच पळत होते.

लेकीचा हात बर्फासारखा गार पडला होता. "आबा, दोन मिनिटांत मी पूर्ण वेगात असते."

नव्या पेटीत प्रत्येक कप्प्यात तापमापक आहे, कप्प्यांमध्ये आग अडवणारी भिंत आहे आणि एकही आकडा चढला की वीज तोडणारा खटका आहे. लेकीला एकेक कप्पा उघडून दाखवला, मगच ती चढली. देवाला मी आजही गळा भरून आळवतो, पण मोजायची अक्कलही त्यानंच दिलीय ना? म्हणून लोकहो, कुणी चमत्कारानं आकडा उतरवून दाखवला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा : मोजलं कुठं?