स्वयंपाकघराची भिंत

छताचा भलामोठा पोपडा अण्णांच्या खाटेवर कोसळला तेव्हा ते न्हाणीघरात होते, म्हणून वाचले. त्यानंतर घर दुरुस्त करायचं की नाही, हा वाद मिटला. उरला तो एवढाच, की काम चालू असताना राहायचं कुठे.

अण्णा पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. काचबिंदूने आधी त्यांचं कडेकडेचं दिसणं नेलं, मग सगळंच. दुकान बंद झालं. पण घरात ते असे वावरायचे, की नवखा पाहुणा हमखास फसायचा. खुर्चीच्या पाठीवरून बोटं फिरली, भिंतीला हात टेकला, की झालं. लेक टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. नवरा गेल्यावर ती बापाजवळ राहायला आली होती. पन्नाशीला टेकली तरी अण्णांच्या तोंडी ती चिमणीच होती.

गवंड्याने सगळ्या भिंती ठोकून पाहिल्या.

"राहायचं तर राहा बापडे," तो म्हणाला, "पण तुमचे हाल कुत्रा खाणार नाही. धूळ, ठोकाठोकी, मधेच पाणी बंद. आणि स्वयंपाकघराची ही भिंत पाडावीच लागेल. ओल पार आत मुरलीय. परत उभी करू नका, स्वयंपाकघर नि ही बाहेरची खोली मिळून ऐसपैस जागा होईल."

चिमणीला ते पटलं. तिने मागच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्याही बघून ठेवल्या.

"मी इथून हलणार नाही," अण्णा म्हणाले.

"अहो अण्णा, धुळीने जीव घुसमटेल तुमचा."

"मला कुठे दिसतेय धूळ?"

असा विनोद केला की ती एरवी हसायची. या वेळी तिला रागच आला. परक्या खोल्यांत त्यांना सगळं पहिल्यापासून शिकावं लागणार, हे तिला कळत होतं. पण दिवसभर कचेरी आणि संध्याकाळी विटांच्या ढिगात भाकऱ्या थापणं, हा विचारच तिला सोसवेना. तरी तिने हार मानली. बापापुढे तिचं कधी चाललं होतं!

काम सुरू झालं. सामान एका खोलीत कोंबलं, उरलेल्यावर चादरी पडल्या. अण्णा खोकत, पण कुरकुरत नसत. भिंत पाडायची त्या दिवशी चिमणीने अर्धी रजा टाकली. ती दुपारी घरी आली तेव्हा गवंडी आणि त्याची माणसं बाहेर सावलीत जेवत होती.

आत अण्णा उभे होते. भिंत होती त्या जागेच्या जरा पुढेच, राडारोड्यात अनवाणी, उजवा हात समोर धरून. पाणी प्यायला उठले असावेत. हाताला काहीच लागत नव्हतं, म्हणून त्यांना पुढे जाता येईना आणि मागेही वळता येईना. पायाच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. त्यांनी कुणाला हाकही मारली नव्हती.

"अण्णा!"

"चिमणे, मी कुठे आहे गं?"

त्यांचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. तिने त्यांना बाहेर आणलं, पायरीवर बसवलं, पाय धुतला.

"तुझी आई तिथे उभी असायची," मग ते म्हणाले. "त्या भिंतीतल्या दारात, कडेला डोकं टेकून. एकदा पीठ लागलेले हात पदराला पुसत कशाला तरी हसत होती. नीट दिसलेलं शेवटचं तेवढंच. पुढे ती होती, बोलायची, भांडायची, पण मला दिसायची ती त्या दारात."

"मग आधी बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू ती ओली भिंत ठेवली असतीस. आणि एक दिवस ती तुझ्याच अंगावर आली असती."

"पण घर सोडायलाही तयार नव्हतात."

"वाटलं, भिंत जाताना आपण जवळ असावं. तुझी आई गेली तेव्हाही मी जवळच होतो." त्यांनी पाय हळूच जमिनीवर टेकला. "पण आता नाही जमत, पोरी. मला घेऊन चल."

"तुम्ही म्हणाल तर राहू इथेच. मी रजा काढते."

"नको. तूही थकलीस. मला काय कळत नाही? फक्त संध्याकाळी माणसं गेली, की मला रोज इकडे आणत जा."

त्याच आठवड्यात ते दोघं मागच्या गल्लीत राहायला गेले. रोज कामावरून आली, की चिमणी त्यांना घरी आणायची. ते उघड्या विटा चाचपायचे, ओल्या गिलाव्याचा वास घ्यायचे, खिडकीची चौकट हातांनी मोजायचे. कधी ती घाई करायची, मग दोघांची जुंपायची.

काम संपलं. परत आल्यावर पहिल्याच सकाळी अण्णा नव्या मोठ्या खोलीत गेले. ओट्याचा कोपरा कमरेला लागला, तशी एक शिवी हासडली. मग उभे राहिले. चिमणीने गॅस बंद केला.

"दिसते का?" तिने विचारलं. विचारून तिला वाटलं, उगाच विचारलं.

"चेहरा दिसतो. हसणंही आहे." ते थांबले. "मागे दार नाही. भिंत नाही. नुसता उजेड आहे, आणि त्यात ती. कुठे उभी आहे तेच कळत नाही."

त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे टिपले. समजूत घालायची तर खोटं बोलावं लागलं असतं, आणि ते चिमणीच्या जिवावर आलं.

जरा वेळाने अण्णांनी तळवा थंड ओट्यावर ठेवला.

"बरं," ते म्हणाले, "हा संपतो कुठे, ते सांग."