नव्या जॅकेटची चेन

नवं जॅकेट देखणं होतं, हे मीच आधी सांगून टाकतो. नाहीतर म्हणाल, सार्जंट हुइक्को जुन्याचाच भक्त. खांद्यावर चपखल, कमरेत नेटकं, कॉलर तर अशी की दाढी न केलेला माणूससुद्धा अधिकारी वाटावा. आमची पोरं आरशासमोरून हलेनात. जुनं म्हणजे निव्वळ पोतं. त्यात वाळका माणूसही ढेरपोट्या दिसायचा.

पण आमच्या काइनूच्या जंगलात जानेवारीत आरसा घेऊन फिरतंय कोण? नव्याच्या चेनची कडी नखाएवढी. जाड हातमोज्यांतून ती धरताच येत नाही, हातमोजा काढावाच लागतो. पहिल्याच सरावात ओन्नी रासानेनच्या बोटांची टोकं पांढरीफटक पडली. बोटं वाचली, पण सोमवारी अख्खी तुकडी त्याच जॅकेटात स्कीवरून जंगलात मुक्कामाला निघणार होती. जुनी जॅकेटं गोदामात कुलूपबंद. ती काढायची तर हुकूम कर्नल लेह्तिसारींचाच हवा, कारण नव्याची चाचणी त्यांच्या हाताखाली चालली होती. पोरांचं मत ऐकायला ते हेलसिंकीहून मुद्दाम आले होते. माझी पोरं सगळी बोटं घेऊन परत यावीत, एवढंच मला हवं होतं.

रविवारी संध्याकाळी कर्नल आमच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात आले. सौनाच्या वाफेत अंगावर चिंधी नसते, त्यामुळे हुद्दाही नसतो. सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात आणि आतलं बोलणं कुणी बाहेर काढत नाही.

"मग? जॅकेट कसंय?" तापल्या दगडांवर पाणी ओतत त्यांनी मला विचारलं.

"खरं सांगू? ज्यानं शिवलंय, त्याला उणे तीसमध्ये कधी लघवीला जावं लागलेलं नाही."

ते पोट धरून हसले. "तोंडाचा भलताच फटकळ आहेस रे तू!"

मला वाटलं, झालं काम. मस्त घोरत झोपलो.

सोमवारी निघण्याआधी कर्नल स्वतःही नवं जॅकेट घालून बराकीत आले, सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकाला विचारलं.

"छान आहे, साहेब."

"उत्तम, साहेब."

ओन्नीनं पट्टी बांधलेला हात पाठीमागे लपवला. "छान आहे, साहेब."

अरे गाढवा! मी मनातल्या मनात त्याला चार शिव्या हासडल्या. कर्नल माझ्यासमोर आले, तर चेहऱ्यावर साधी ओळखही नाही. अस्सा राग आला! पण माणसाचं चुकत नव्हतं, सौनातलं सौनात राहिलं. आता तेच मला कपड्यांनिशी, 'साहेब' लावून बोलायचं होतं.

"देखणं आहे, साहेब. पण कामाचं नाही."

आमच्या कॅप्टननं डोळे वटारले.

"कामाचं नाही म्हणजे?" कर्नलांनी विचारलं.

"बाहेर चला, साहेब. दाखवतो."

बाहेर बर्फात मी त्यांना त्यांच्याच जॅकेटची चेन उघडायला लावली, हातात आमचे हातमोजे दिले आणि म्हटलं, "आता लावा." एकदा कडी निसटली, दोनदा निसटली. हट्टी माणूस! मान खाली घातली आणि कडी सरळ दातांत धरली. थंडीत लोखंडाला तोंड लावायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. कडी ओठाला चिकटली.

"उंऽऽ!"

"ओढू नका, साहेब! ओठ सोलून निघेल!"

ओन्नी थर्मास घेऊन धावला. हातमोजा काढून त्यानं कोमट कॉफी हळूहळू त्यांच्या ओठावर ओतली. कडी सुटली. हसू कसं दाबलं, माझं मला ठाऊक. तेवढ्यात कर्नलांचं लक्ष त्या पट्टीकडे गेलं.

"हे कशानं झालं?"

"याच चेननं, साहेब. सरावात."

"मग मघाशी छान आहे का म्हणालास?"

ओन्नीनं मान खाली घातली. "तुम्हीपण तेच घातलं होतंत ना, साहेब."

कर्नलांनी जॅकेट उतरवून कॅप्टनच्या हातात दिलं आणि त्या गारठ्यात नुसत्या शर्टावर उभे राहिले.

"आता सांग."

"चेन भिकार आहे, साहेब," ओन्नी म्हणाला.

"खिसेपण!" मागून कुणीतरी ओरडलं. मग काय, सगळीच पोरं बोलायला लागली.

"कॅप्टन, गोदामाची किल्ली आणा," कर्नल म्हणाले. "आणि जरा पळत जा, मी गारठतोय."