सात नंबर

वरच्या खोलीतल्या मशीनवरचा लाल आकडा मला जिन्याच्या खालच्या पायरीवरूनही दिसायचा. सात. मुलगा गेल्यापासून ह्यांनी ते मशीन एकदाही बंद केलं नव्हतं.

मुलगा त्या खोलीत आवाज रेकॉर्ड करायचा. शाळांची गाणी, दुकानांच्या जाहिराती, असं काहीबाही. मशीन जुनं, त्याच्याहून वयाने मोठं. साध्या आवाजाला ते घुमारा द्यायचं. विहिरीत बोलल्यासारखा, रिकाम्या सभागृहात बोलल्यासारखा, हवा तसा. मनाजोगता जमला की तो एकेका नंबरावर साठवून ठेवायचा.

हे जन्मभर स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करत आले. घरी ताटं मांडली की जिन्याखाली उभं राहून तोच आवाज लावायचे, "जेवणाची गाडी फलाट क्रमांक एकवर येत आहे. वरच्या मजल्यावरच्या उतारूंनी त्वरित खाली यावे!"

वरून ओरडा यायचा, "गाडी लेट करा, स्टेशनमास्तर!"

एकदा जेवताना तो म्हणाला, "बाबा, सात नंबर तुमच्या आवाजासाठी लावलाय. किती दिवस खटपट करतोय. एकदा वर येऊन बोला की त्यात."

"उद्या बघू रे, भोंग्या," हे म्हणाले. गुडघ्यांचं निमित्त होतं. त्याच आठवड्यात ताप आला आणि तो गेला.

वीज गेली तर मशीन सगळं विसरेल, असं ह्यांच्या मनाने घेतलं. इन्व्हर्टर आणला. पाहुण्यांकडे राहायला जाणं सोडलं. मात्र त्या मशीनपुढे कधी एक शब्द बोलले नाहीत. रोज फडक्याने पुसायचे आणि खाली यायचे. लोक मला म्हणत, "अहो, समजावा जरा त्यांना." पण देवापुढची समई विझू नये म्हणून मीच दोनदोनदा उठून तेल बघते. कोणत्या तोंडाने समजावणार?

या उन्हाळ्यात आकडा लुकलुकायला लागला. बटणं दाबली तरी दाद देईनात. खोलीत आंबूस वास येऊ लागला. तेव्हा मीच मुलाच्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्या बाईंना फोन केला.

त्या मशीनची विजेची पिन काढायला गेल्या तसे हे आडवे आले. "बंद नाही करायचं. तसंच उघडा."

"काका, चालू मशीन उघडायचं म्हणजे चालत्या गाडीतून उतरायचं."

"मग हात सांभाळून उतरा."

बाई हसल्या. बेताने झाकण काढलं, बॅटरी मारून आत पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं. आत सुपारीएवढा एक सेल होता. त्याला हिरवट बुरशीसारखं काही फुटलं होतं आणि ते भोवतालच्या बारीक तारांवर पसरलं होतं.

"काका, मशीन बंद असताना आतले नंबर राखायचं काम या सेलचं. चालू असलं की तो भरत राहतो."

"म्हणजे वीज गेली असती तरी..."

"राहिले असते. अधूनमधून सेल तेवढा बदलायचा." त्यांनी बॅटरीचा झोत सेलवर धरला. "भरल्या पोटाला भरवत राहिलं की सोसत नाही, काका. हा पाझरलाय. बटणांच्या तारा खाल्ल्यात त्याने, म्हणून नंबरात काय आहे ते उतरवूनही घेता येत नाही."

"चालू ठेवल्यामुळे झालं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गरमीने होतं असं," म्हणाल्या. "आता वीज आहे तोवर सात नंबर आहे. बंद केलं की गेला. आणि बंद नाही केलं तर महिन्या-दोन महिन्यांत मशीनसकट जाईल."

हे मुलाच्या स्टुलावर बसले. बाई म्हणाल्या, "आवाजाची वाट अजून शाबूत आहे. बंद करण्याआधी काही बोलायचं असेल तर बोला. मी मोबाइलवर घेऊन ठेवते."

माइकवर मुलाचा रुमाल तसाच होता. तो मी काढला. हे उभे राहिले, घसा खाकरला. खोलीभर खाकरणंच घुमत राहिलं. ते दचकले. वळून माझ्याकडे पाहिलं.

मी हळूच म्हटलं, "अहो, ताटं मांडलीत."

त्यांनी डोळे मिटले. इतक्या वर्षांत न ऐकलेला तो आवाज छातीतून वर आला. "जेवणाची गाडी फलाट क्रमांक एकवर येत आहे. वरच्या मजल्यावरच्या उतारूंनी त्वरित खाली यावे."

यावे... यावे... यावे... खोली केवढी मोठी झाली! जिथे त्यांचा आवाज थकून खाली बसायचा, नेमका तिथे कुणीतरी तो हातावर झेलत होतं. पोरानं जन्मभर कान देऊन ऐकलं होतं ह्यांना. शेवटचा 'यावे' भिंतीपलीकडे गेला. हे वरून येणाऱ्या ओरड्यासाठी थांबल्यासारखे थांबले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने बटण खाली केलं.

दहाएक दिवसांनी मशीन परत आलं. नवा सेल, साफ केलेल्या तारा, बटणं चालू. बाईंनी मोबाइलवरचं मला पाठवलं होतं. ह्यांनी ते मागितलं नाही, मीही पुढे केलं नाही.

त्या रात्री मी ताटं घेतली तेव्हा हे वर होते. मशीन लावल्याचा खटका ऐकू आला, मग घोषणेचे पहिले दोनच शब्द, मग पुन्हा खटका. जिना अंधारात गेला. एकेका पायरीवर हात टेकत हे खाली आले आणि पाटावर बसले.

"काय हो?"

"काही नाही. आता नुसता माझाच आवाज येतो त्यात."

मी वाढायला घेतलं.