दोर तुटला नव्हता

नाद हा माझा जन्मधर्म. शब्द ही उसनवार. तरी आज शब्दांनीच बोलते आहे, कारण नादाने मी जे सांगितले होते, त्याचा अर्थ लोकांनी आपल्या सोयीने लावून घेतला. मी एक घंटा आहे, पश्चिम नॉर्वेतील एका चिंचोळ्या खाडीकाठच्या लाकडी चर्चची.

मला ओतताना धातू कमी पडला. गावातल्या बायकांनी पितळी मेणबत्तीदाने, फुटक्या किटल्या, अंगरख्यांची बटणे आणून दिली. त्या भेसळीमुळे माझा स्वर किंचित उतरला, असे जाणकार म्हणतात. मी तो दोष मानीत नाही. घराघरातले थोडेथोडे माझ्यात आहे. म्हणूनच घराघरातले मरण मला वाजवता आले.

या गावात घंटेचे एक काम धर्मग्रंथाबाहेरचे आहे. डोंगराच्या पोटात अदृश्य लोकांची वस्ती आहे. ते तरण्या मुलींना भुलवून आत नेतात. आणि चर्चची घंटा अखंड वाजत राहिली, तरच त्यांना मुलगी सोडावी लागते, असा येथला समज. नाद मध्येच खंडला, तर कड्याचे दार कायमचे मिटते.

सत्तरेक वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये सतरा वर्षांची ओस्ने डोंगरावरच्या उन्हाळी गोठ्यातून चुकलेली कालवड शोधायला निघाली आणि धुक्यात नाहीशी झाली. धर्मगुरू म्हणाले, "घंटा वाजवा. आवाजाच्या रोखाने ती खाली येईल." म्हाताऱ्या बायकांना कारण निराळे ठाऊक होते. तरुणांनी पाळ्या लावून घेतल्या. तीन दिवस आणि तीन रात्री मी थांबले नाही.

चौथ्या सकाळी श्यूरची पाळी चालू असता आभाळ निवळले. तीन आठवडे पाऊस लागून राहिला होता आणि गाईगुरांचा वर्षाचा चारा, कापलेले गवत, शेतात कुजत होते. खालून श्यूरच्या बापाची हाक आली.

"अरे श्यूर, ऊन पडलंय! सगळं गाव शेतात उतरलं आणि तू अजून दोराला लोंबकळतोयस? हिवाळ्यात गाईंना काय घंटा चारणार आहेस?"

एकोणीस वर्षांच्या त्या पोराने मान वर करून माझ्याकडे पाहिले. "तासाभरात येतो," तो म्हणाला. मलाच म्हणाला, तेथे दुसरे कोणी नव्हते.

तो परतला तेव्हा संध्याकाळ झाली होती.

सप्टेंबरात मेंढ्या खाली उतरवताना ओस्ने सापडली. एका ओढ्याकाठी, गावाकडे तोंड करून निजलेली. त्या जागी माझा आवाज स्वच्छ पोहोचतो. तिचा प्राण कोणत्या दिवशी गेला, हे कोणालाही सांगता आले नाही. श्यूरला कोणी काही विचारले नाही. न विचारणे हीच या गावाची माया, आणि हीच त्याची शिक्षा.

ओस्नेची थोरली बहीण गुन्वोर शाळेत शिकवीत असे. पुढे तिने कविता लिहिल्या. त्यांत ओस्ने मरत नाही. तिला डोंगर नेतो. शेवटच्या कवितेत घंटा वाजत असते, कड्याचे दार किलकिले होते, मुलीचे पाऊल उंबऱ्यावर येते, आणि

दोर तुटला, नाद सरला,
दार मिटले कड्याचे.

ही कविता गावाने पाठ केली. पाठ झालेली गोष्ट हळूहळू आठवणीची जागा घेते. काही वर्षांनी, जे त्या दिवशी शेतात होते तेही सांगू लागले, की दोर तुटला होता. मी ऐकत असे. माझा दोर तर शाबूत होता.

मग चर्चला नवी घंटा आली आणि मी कोठीत गेले, मोडक्या बाकांच्या सोबतीला. तेथून मला बाहेर काढले ते इंगेलिनने. बारमाही पावसाच्या बेर्गन शहरातली ही तरुण संगीतकार गुन्वोरच्या कवितांचे संगीतनाटक बसवायला आली होती. गाईंना हाका मारण्याच्या जुन्या आलापांवर तिने पदे बांधली. माझा एक ठोका ऐकून ती म्हणाली, "हाच स्वर हवा," आणि गावातली सगळी व्हायोलिने तिने माझ्या उतरलेल्या स्वराला जुळवून घेतली. इतका मान मला कोणी दिला नव्हता.

जुन्या पद्धतीचा ठोका एकट्या श्यूरलाच येत होता. चौऱ्याऐंशीव्या वर्षी तो तालमीला आला.

"आजोबा, चौथ्या ठोक्याला जोरात ओढायचं," इंगेलिनने समजावले. "दोर मी आधीच अर्धा कापून ठेवलाय. तटकन तुटेल."

"बेर्गनची माणसं छत्री घेऊन जन्माला येतात, हे ऐकून होतो. कात्रीही आणतात होय?"

सगळे हसले. कॉफीचा पेला धरून बसलेली गुन्वोर तेवढी हसली नाही.

"इंगेलिन, हे काम दुसऱ्या कुणाला दे."

"का गं?" श्यूर म्हणाला. "माझे हात कापतात म्हणून?"

"म्हातारा झालास म्हणून."

"आणि तू काय, काल जन्मलीस?"

जुलैअखेरच्या संत ओलाफच्या सणाला, लांबलेल्या संध्याकाळच्या उजेडात, चर्चमागच्या कुरणात प्रयोग झाला. मला रंगमंचावरच लाकडी चौकटीत टांगले होते. गुडघ्यांवर घोंगड्या घेऊन अवघे गाव बाकांवर बसले होते. कड्याचे दार किलकिले झाले. मुलीचे पाऊल उंबऱ्यावर आले. मी एकदा वाजले, दोनदा वाजले, तीनदा वाजले.

चौथा ठोका आला नाही. श्यूरने मूठ उघडली. दोर अखंड हेलकावत राहिला. व्हायोलिने गोंधळून थांबली.

"तुटला नव्हता," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण पोहोचला. "मी सोडला. गवत वाळत घालायचं होतं. तासाभरात येतो म्हणालो होतो."

बाकांवरच्या वृद्धांनी माना खाली घातल्या. गुन्वोर उठली आणि काठी टेकत रंगमंचावर आली.

"मला ठाऊक आहे, श्यूर. मीही दाताळं घेऊन शेतातच होते. घंटा थांबलेली मी ऐकली."

"ऐकलीस?"

"ऐकली, आणि गवत ओढत राहिले. म्हणून तर कवितेत दोर तोडला. तुझ्यावर उपकार म्हणून नाही रे. मलाच झेपेना म्हणून."

मग गुन्वोरने इंगेलिनजवळची संहिता मागून घेतली, ती ओळ खोडली आणि वर लिहिले: आम्ही दोर सोडला.

त्याच हिवाळ्यात श्यूर गेला. गुन्वोरही आता नाही. नाटक मात्र दर उन्हाळ्यात होते, नव्या ओळीसह. दोर सोडणाऱ्याची भूमिका गावातला कोणीही स्वीकारीत नाही. त्यासाठी शहरातून नट येतो. तो अचूक मात्रेवर मूठ उघडतो. प्रेक्षक डोळे पुसतात आणि तत्क्षणी टाळ्यांचा कडकडाट करतात.

तुम्ही कधी या कुरणात आलात, तर माझे एवढे ऐका. ठोका थांबला, म्हणजे घंटा थांबली असे नव्हे. माझा नाद त्यानंतरही कितीतरी वेळ डोंगराकडे जात असतो. तेवढा वेळ टाळ्या वाजवू नका. वर कोणी वाट शोधत असेल.