वीतभर कमी भिंत

मी जन्मले ते मोठं घर आता आम्हाला झेपत नाही, म्हणून आम्ही दोन खोल्यांत जाणार आहोत. बाबांनी तिथली मापं आणली आणि नकाशा मी काढला. तो इतका झकास जमला की मी तो घरभर मिरवला! पुठ्ठ्याचं सामान कापून कागदावर मांडलं. बाबा शिंपी आहेत. त्यांचं कापड बेतायचं लांबलचक टेबल खिडकीखाली बरोब्बर बसलं, तेव्हा ते कितीतरी दिवसांनी हसले. त्या टेबलाशिवाय त्यांचा हातच चालत नाही.

काल आईबरोबर जाऊन मी ती खिडकीची भिंत पुन्हा मोजली. वीतभर कमी भरली.

"अगं, कापडासारखं शिलाईला जास्तीचं धरलं असणार त्यांनी," आई म्हणाली. "आता भिंत काय उसवून सैल करायची?"

आम्ही दोघी खो खो हसलो आणि मग एकदम बाबांचं टेबल आठवलं.

"मी सांगते त्यांना," मी म्हणाले.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "वीतभर?"

"हो. पण टेबल विकायचं नाही हं, बाबा. सुतारकाकांना बोलावू."

"माझं टेबल दुसऱ्या कुणी कापायचं नाही."

त्यांनी खडूने टेबलावर सरळ रेघ ओढली आणि करवत आणली. "ते टोक घट्ट धर, बाळा."

करवत चालायला लागली तसं अख्खं टेबल थरथरलं. मी सोडलं नाही.