वास गेला, तेव्हा

आमच्या घरात आजवर अंडं आलेलं नाही. तरी इंद्रपुरीतल्या आमच्या गल्लीत बायका कुजबुजायच्या, की ही लीला दंडवते, म्हणजे मी, भजनात टाळ कुटते आणि घरी आमलेट खाते. बोलोत बापड्या! वास होता हे मात्र खरं. सडक्या अंड्यासारखा. माझ्या आठ वर्षांच्या नातीच्या, शमिकाच्या, अंगाला आणि श्वासाला तो यायचा.

तो तिच्या औषधाचा. डॉक्टरांना मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी नीट समजावलं. आपल्या प्रत्येक पेशीत बारीक बारीक पिशव्या असतात. नको झालेला माल तिथे मोडतो आणि कामाचं तेवढं बाहेर जातं. पिशवीच्या पडद्यात बसलेलं एक प्रथिन सिस्टीन नावाचा पदार्थ बाहेर नेऊन सोडतं. शमिकाचं तेच प्रथिन जन्मापासून बिघडलेलं. मग सिस्टीन आतच साठतं, त्याचे खडे होतात आणि मूत्रपिंडं निकामी होत जातात. औषध आत शिरून त्या सिस्टीनचं रूप बदलतं आणि ते दुसऱ्याच वाटेनं बाहेर पडतं. दार अडकलंय म्हणून सामान खिडकीतून काढायचं, असं मी माझ्यापुरतं लक्षात ठेवलं.

नवरात्र बसायच्या सुमारास माझी सून प्राजक्ता खुशीत म्हणाली, की वास बराच कमी झालाय, अंगाला औषधाची सवय झाली असेल. माझ्या लेकालाही बरं वाटलं. मला मात्र ते पटेना. पोरीला जवळ ओढून मी तिच्या केसांत नाक खुपसलं. नुसता साबणाचा वास. तोंड उघडायला लावलं, तर टूथपेस्टचा. अगं बाई, औषध पोटात जात असेल तर वास जाईल कसा?

तिला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं. आवाज चढवला तशी रडायला लागली. गोळी गालात धरायची आणि मोरीत थुंकायची, असं चाललं होतं. कारण काय, तर समोरच्या सुमित्राकडे अष्टमीला कुमारिका जेवतात, आणि गेल्या वर्षी पंगतीत हिच्या शेजारची पोर नाक धरून उठून गेली होती.

"आजी, फक्त अष्टमीपर्यंत," ती म्हणाली. "मग रोज घेईन. पक्का."

आता या लेकराला रागवायचं तरी काय? डॉक्टरांना फोन केला. त्यांनी बजावलं, की औषध आजच सुरू करा, मूत्रपिंडाची गेलेली ताकद परत येत नाही. मी चपला घातल्या आणि तडक सुमित्राकडे गेले. सगळं सांगितलं.

"माझी नात वासासकट येईल," मी म्हणाले. "जमणार नसेल तर आत्ताच सांग."

सुमित्रानं पाठवा एवढंच म्हटलं, तेही कोरडेपणानं. ही बाई आधीपासूनच मला शिष्ट वाटायची. मी धुसफुसत घरी आले आणि त्या दिवसापासून प्रत्येक गोळी समोर उभी राहून गिळायला लावली.

अष्टमीला मी स्वतःच शमिकाला घेऊन गेले आणि दारात उभी राहिले. सुमित्रानं एकेकीचे पाय धुतले, कुंकू लावलं, चुनरी पांघरली. शमिका ओठ घट्ट मिटून बसली होती. श्वाससुद्धा चोरून घेत होती बिचारी. पानं वाढून झाली. पोरी पुरीला हात घालणार, तोच सुमित्रानं सगळ्यांना थांबवलं आणि शमिकापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"आधी हिची गोळी," ती म्हणाली. "ती पोटात गेल्याशिवाय माझ्या घरात कुणी जेवायचं नाही."

मी बरोबर आणलेली गोळी पुढे केली. शमिकानं माझ्याकडे पाहिलं, मग ती गिळली आणि आ करून दाखवलं. सुमित्रा पाट ओढून तिला अगदी खेटून बसली आणि पहिला घास स्वतःच्या हातानं भरवला. एकही पोर उठली नाही. मी पदरानं डोळे पुसत होते. माझ्याहून लहान बाई ती, पण त्या दिवशी तिच्या पाया पडावंसं वाटलं मला.

संध्याकाळी शमिका खिरीच्या गप्पा सांगत माझ्या गळ्यातच पडली, आणि भसकन तो वास आला. मी तिला सोडलंच नाही. इतका घाण वास, आणि देवीचे उपकार मानत मी तो ऊरभर घेतला.