एकाच पत्त्यावर दोघं

दादाच्या छपाईच्या दुकानात त्या दिवशी गिऱ्हाइकं छापायला नव्हे, बघायला जमली होती. महाराज मेलेला प्रिंटर जिवंत करणार होते.

धाकटी वहिनी कामाला बसली की प्रिंटर बंद पडायचा. तिचा नवरा, दादाचा धाकटा भाऊ, वारल्यावर दादानेच तिला दुकानात आणलं, नवा कॉम्प्युटर घेऊन दिला. तिच्या पोटापाण्याला तेवढाच आधार होता.

"यंत्रालाही जीव असतो," महाराज डोळे मिटून म्हणाले. "त्याला हिची सावली सोसत नाही. हिचं यंत्र बंद करा, हिला घरी पाठवा. कायमची."

दादा गप्प राहिला. वहिनीने आपला कॉम्प्युटर बंद केला आणि मान खाली घालून निघून गेली. महाराजांनी प्रिंटरवर राख फुंकली, बटण दाबलं आणि कागद सरसर बाहेर आले. बघ्यांनी हात जोडले. राखेवर प्रिंटर चालत असते, तर शाईवाल्यांनी कधीच गाशा गुंडाळला असता.

मी या घरातलं शेंडेफळ. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. मी म्हटलं, "वहिनी घरी गेली ना? मग तिचं मशीन मी सुरू करते."

सुरू केलं. थोड्या वेळात प्रिंटर ठप्प.

"सावली खुर्चीत उरली आहे," महाराज म्हणाले.

मी खुर्ची उचलून रस्त्यावर ठेवली. प्रिंटर ढिम्मच. महाराजांना एकाएकी दुसरीकडचं बोलावणं आठवलं.

"दादा, प्रिंटर कुणी जोडला?"

"मीच. पत्ता हाताने घातला."

तिथेच घोळ होता. दुकानातली यंत्रं राउटर नावाच्या डब्यातून एकमेकांशी जोडलेली असतात आणि प्रत्येकाला आकड्यांचा वेगळा पत्ता लागतो. कॉम्प्युटर सुरू झाला की राउटरकडे पत्ता मागतो आणि राउटर मोकळा असलेला पत्ता देतो. दादाने एक पत्ता परस्पर प्रिंटरला दिला, राउटरला त्याची खबरच नाही. राउटरने तोच वहिनीच्या मशीनला दिला, मग छापायचा मजकूर प्रिंटरपर्यंत पोचेना. तिचं मशीन बंद झालं की प्रिंटरची वाट मोकळी. हाच तो चमत्कार. मी राउटरमध्ये तो पत्ता प्रिंटरच्या नावावर केला, वहिनीच्या मशीनला दुसरा मिळाला आणि दोन्ही चालू लागली.

संध्याकाळी दादा तिच्या दारात गेला. "चूक माझी होती. उद्यापासून ये."

"महाराज काय, परका माणूस," वहिनी म्हणाली. "पण भावजी, तुम्ही काहीच बोलला नाहीत."

 ती कामावर परत आली, पण दादा अजून तिच्या नजरेला नजर देत नाही.

अमक्यामुळे बिघडलं असं कुणी सांगितलं, तर त्या माणसाला घालवण्याआधी एकदा ताडून बघा. त्यासाठी कॉम्प्युटर शिकावा लागत नाही.